सभासदांची खिडकी

ताईचा अर्ज कंपनीनं नामंजूर केला नव्हता. तो मी दिलाच नव्हता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ताई अजून समजते की भावानं खूप खटपट केली, पण वरच्या लोकांनी ऐकलं नाही. लग्नकार्यात, चार माणसांत ती हे सांगते, आणि मी शेजारी बसून मान हलवतो. अशी मान हलवायलाही आता थकवा येतो.

अर्ज कसला, ते सांगतो. मी तेव्हा सुट्ट्या विकायचो. आमच्या कंपनीची थंड हवेच्या ठिकाणी आणि समुद्राकाठी हॉटेलं होती. एकदा मोठी रक्कम भरायची, मग पुढची पंचवीस वर्षं दर वर्षी सात दिवस तिथं राहायचं. वर दर वर्षी देखभालीची वर्गणी. "खोली तुमची नाही, पण आठवडा तुमच्या मालकीचा," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. साडीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर लोकांनी लकी ड्रॉची कुपनं भरलेली असायची. त्यांना फोन करायचा, बक्षीस लागलंय म्हणायचं, आणि जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलवायचं. अट एकच, जोडीनं यायचं. नवरा एकटा आला की "घरी विचारतो" म्हणून उठतो आणि परत येत नाही. जोडी असली की तिथंच उरकतं. सत्यनारायणाला बसावं तशी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत शेजारी शेजारी बसायची, समोर सरबताचे ग्लास, आणि मी फाइल उघडायचो.

गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. शेंद्र्याला कारखाने येत होते, बायपासच्या पलीकडं ज्वारीच्या रानात इमारती उभ्या राहत होत्या. ज्यांच्या बापानं जन्मात सुट्टी घेतली नव्हती, अशा लोकांच्या हातात पहिल्यांदा पगाराची स्लिप आली होती. त्यांना सुट्टी विकणं अवघड नव्हतं. तरी एका मार्चअखेर माझा आकडा एका सभासदानं कमी पडत होता.

मी ताईला आणि दाजींना बोलावलं.

दाजी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. कमी बोलायचे, पण बोलले की चिमटा असायचा. हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसले, सरबताकडं बघितलं आणि म्हणाले, "आम्ही कुपन भरलं नाय, तरी बक्षीस लागलं. मेहुणा असावा तर असा."

"दाजी, हळू," मी म्हणालो.

हळू, कारण नातेवाइकाला सभासद करायची मनाई होती. आमच्यातले काही जण मार्चला काका-मावशांची नावं भरायचे, इन्सेंटिव्ह उचलायचे आणि जूनमध्ये ती सभासदत्वं रद्द करून घ्यायचे. एकानं सासूला सभासद केलं, ते उघड झालं आणि त्याला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं. तेव्हापासून फॉर्मच्या तळाला एक ओळ आली होती: विक्री प्रतिनिधीशी नातं. त्या ओळीसमोर मी माझ्या हातानं लिहिलं, 'नाही'.

दाजींनी ते वाचलं. ताईकडं बोट करून म्हणाले, "नातं नाही, तर मग ही कोण?"

"कागदापुरतं आहे, दाजी."

"कागदापुरतं तर कागदापुरतं." त्यांनी सही केली. ताई हसली. मीही हसलो.

दाजींना डोंगरावरचा आठवडा नकोच होता. कारखान्यातून सलग सात दिवस सुट्टी कुणाला मिळते? त्यांना हवा होता तो पास. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला कंपनीचा वॉटर पार्क होता. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, गोल फिरणारी होडी. सभासदाला आणि त्याच्या कुटुंबाला तिथं अर्ध्या दरात पास. दाजींना दोन मुली. त्या वर्षी ताईच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. मुली एका बादलीत दोघी अंघोळ करायच्या आणि उरलेलं पाणी संडासाला ठेवायच्या. दाजी म्हणाले, "तुमचा तो आठवडा ठेवा तुमच्याकडं. उन्हाळ्यात पोरी एकदा गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, की माझे पैसे वसूल."

दोन उन्हाळे ते गेले. धाकटीनं एकदा माझ्या घरी येऊन, पलंगावर पालथं पडून, लाट आली की कसं तोंड वर करायचं ते करून दाखवलं होतं.

पुढं विक्रीतून माझी बदली पार्कवर झाली, सभासदांच्या कचेरीत. गेटपाशी चार खिडक्या होत्या. तीन उन्हात आणि चौथी पत्र्याच्या सावलीत. चौथी सभासदांची. सभासदांना सवलत द्यावी का, हा वाद तिथं रोजचा. उन्हातल्या रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "त्यांना काय सोनं लागलंय?" आमचे मॅनेजरसाहेब म्हणायचे, "ज्यानं पंचवीस वर्षांचा विश्वास टाकला, त्याला आपण काहीतरी द्यायला नको का?" मीटिंगमध्ये ऐकायला ते बरं वाटायचं.

आमच्याशी खरा वाद घालायचा तो टँकरवाला. शेजारच्या गावातला साठीचा माणूस. त्या दुष्काळातही त्याच्या विहिरीला पाणी होतं आणि तो ते आम्हाला विकायचा. लाटांचा तलाव त्याच्या पाण्यावर चालायचा. एकदा तो नातवंडांना घेऊन सावलीतल्या खिडकीवर आला.

"काका, ही सभासदांची खिडकी आहे," साहेब म्हणाले.

"ठाव हाय. म्हणून तर आलो. मला एक सांगा साहेब, डोंगरात खोली घेतली म्हणून हितल्या पाण्यात सवलत, हे कसं? त्यो मानूस वर्षातून सात दिवस तुमचा. माझं पानी रोज तुमच्यात हाय. मला सवलत नाय व्हय?"

"तुम्ही सभासद व्हा ना."

"व्हतो की. आधी तुमी माझ्या हिरीवर सात दिवस ऱ्हायला या. मी तुमाला सभासद करतो."

रांग हसली. साहेबही हसले. त्यानं पुरी तिकिटं काढली आणि नातवंडांना आत सोडून स्वतः बाहेर टँकरच्या सावलीत बसला. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. तेव्हा मी बोललो नाही. आज विचाराल तर मी सांगेन, सभासदांना ती सवलत मिळायला नको होती, म्हणजे तसा त्यांचा काही हक्क नव्हता. आठवडा विकला होता, पास विकला नव्हता. पास लावला होता तो एवढ्यासाठी, की आठवड्याची तारीख कधीच मनासारखी मिळायची नाही, आणि माणूस चिडून येईल तेव्हा त्याच्या हातात ठेवायला काहीतरी असावं. रडणाऱ्या पोराला गोळी देतात तसं. पण दाजींचं वेगळं होतं. त्यांनी गोळीसाठीच सगळं दुकान घेतलं होतं. त्यांच्यापुरती ती सवलत हक्काची होती, कारण मी तोंडानं तसं सांगून सही घेतली होती.

तिसऱ्या उन्हाळ्याआधी दाजी गेले. कारखान्याच्या बसमध्ये, पहिल्या पाळीला जाताना, सीटवर बसल्या बसल्या. शेजारच्याला वाटलं, झोपलेत.

दोन महिन्यांनी ताई माझ्या घरी आली. पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. आत मृत्यूचा दाखला, सभासदाचं कार्ड, आणि कंपनीचा छापील अर्ज. सभासद वारला तर पत्नीच्या नावावर करून मिळायचं. त्यासाठी तो अर्ज होता. कठीण काही नव्हतं, महिन्याभरात होऊन जायचं. तिनं सगळं स्वतः भरून आणलं होतं. शाळेत तिचं अक्षर वर्गात पहिलं होतं. मी चहा होईपर्यंत वाचत गेलो आणि तळाच्या ओळीवर थांबलो. विक्री प्रतिनिधीशी अर्जदाराचं नातं. तिथं तिनं लिहिलं होतं, 'सख्खा भाऊ'.

"बरोबर आहे ना?" ताईनं विचारलं.

"बरोबर आहे."

"एवढं तुझ्या हातानं दे. मला नाय कळत त्या ऑफिसातलं."

अर्ज आणि दाखला मी ठेवून घेतला, कार्ड तिला परत दिलं. तो अर्ज दिला असता तर कुणीतरी जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला असता. एका कागदावर 'नाही', दुसऱ्यावर 'सख्खा भाऊ'. मी नुकताच बायपासला फ्लॅट बुक केला होता, त्या सासूवाल्याची गत डोळ्यांसमोर होती. यातून वाट नव्हती असं नाही. ताईला म्हणता आलं असतं, ही ओळ खोड, 'नाही' लिही. तिनं लिहिलंही असतं. पण दाजी जाऊन दोन महिने झालेल्या बहिणीला, 'मी तुझा भाऊ आहे हे खोड' असं म्हणायची माझी जीभ रेटेना. तेवढी लाज होती. अर्ज टेबलाच्या खणात खालच्या कागदांखाली सरकवायला मात्र लाज आडवी आली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, हे मला अजून समजलेलं नाही.

ती फोनवर विचारायची. मी म्हणायचो, प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेस हा शब्द फार उपयोगाचा. त्याच्यापुढं माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

मे महिन्यातला एक रविवार. सभासदांच्या खिडकीवर बसणारी मुलगी सुट्टीवर होती, म्हणून मी बसलो होतो. साहेब मागं उभे राहून गर्दी बघत होते. रांगेत चौथ्या नंबरला मला ताई दिसली, दोन्ही मुलींना घेऊन. पडेगावपर्यंत सिटी बसनं आणि पुढं काळीपिवळीत बसून आली असणार, तिघींच्या केसांवर धूळ होती. मुलींच्या फ्रॉकच्या गळ्यातून आतलं निळं कापड दिसत होतं. पार्कात नायलॉनच्या कपड्यांशिवाय पाण्यात उतरू देत नसत आणि आमच्याकडचे भाड्याचे कपडे महाग. ताईनं शहागंजातून कापड आणून घरीच शिवले होते, आणि मुली घरातूनच ते आत घालून आल्या होत्या.

रविवारी माझी सुट्टी असते हे तिला माहीत होतं. मला त्रास नको म्हणूनच ती रविवारी आली होती, हे मला नंतर सुचलं.

ती समोर आली. मला बघून तिचा चेहरा सैल झाला. तिनं कार्ड सरकवलं. मी नंबर टाकला. कॉम्प्युटरवर दाजींचं नाव आलं, चालू सभासद. कॉम्प्युटरच्या लेखी दाजी जिवंत होते, कारण ते गेल्याचा कागद माझ्या खणात होता. साहेब माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते.

मी म्हणालो, "सभासद कुठे आहेत?"

माझ्या तोंडून हेच आलं. बहिणीला, तिच्या नवऱ्याबद्दल, खिडकीच्या जाळीतून.

ताईनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं उभ्या साहेबांकडं. ती काय समजली ते मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "ते नाही आले."

"सभासद सोबत लागतात, मॅडम," साहेब मागून म्हणाले.

धाकटी टाचा उंचावून जाळीला नाक लावून म्हणाली, "मामा, आम्ही घरूनच घालून आलो." ताईनं तिला हाताला धरून मागं घेतलं आणि साहेबांना म्हणाली, "सगळ्यांनाच मामा म्हणते ती." आमच्याकडं लेकरं कंडक्टरला मामा म्हणतात, वॉचमनला मामा म्हणतात. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण ते वाईट माणूस नव्हते. वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "ओळखीच्या आहेत का तुझ्या? असतील तर सांग. एक दिवसाचं बघून घेऊ."

मी म्हणालो, "नाही."

ओळखीची म्हणालो असतो तरी पुरलं असतं. शेजारीण म्हणालो असतो. बहीण म्हणायचीही गरज नव्हती. आत्तापर्यंत मी नोकरीसाठी केलं, भीतीनं केलं असं म्हणता येतं. त्या क्षणी भ्यायचं काही कारण नव्हतं. साहेबांनी दार उघडून धरलं होतं, आणि मी सवयीनं नाही म्हणालो.

"पुऱ्या तिकिटानं सोडता येईल, मॅडम," साहेब म्हणाले.

"आज नाही जमायचं," ताई म्हणाली. कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. मागचा माणूस पुढं आला.

त्या गेटबाहेर लिंबाखाली बसल्या. डबा सोडला. थोरली पोळीकडं न बघता आतल्या घसरगुंडीकडं बघत होती. तेवढ्यात टँकर आला. टँकरवाल्यानं पाइप जोडण्याआधी पोरींचे गळ्यातून डोकावणारे निळे कपडे बघितले असावेत. खिडकीपर्यंत मला त्याचा आवाज आला.

"काय गं पोरींनो, आत सोडलं नाय व्हय? या हिकडं. हितं कार्ड लागत नाय."

त्यानं मागचा कॉक सोडला. मुलींनी फ्रॉक काढले आणि त्या जाड धारेखाली गेल्या. धाकटी ओरडत होती. ताई लांबून म्हणत होती, "पुरे, दादा. पाणी वाया जातंय." तो म्हणाला, "जाऊ द्या, ताई. हे आत जाऊन तरी काय, वायाच जानार हाय." रांगेतले सभासदही वळून बघत होते. मी कार्डं घेत होतो, नंबर टाकत होतो.

टँकर रिकामा झाल्यावर तो पावतीवर सही घ्यायला माझ्याकडं आला. म्हणाला, "ती बाई तुमच्याकडंच बघत बसली हुती." मी सही केली.

त्या दिवाळीत ताईनं भाऊबीजेला मला ओवाळलं. पाटावर बसवलं, टोपी घालायला लावली, सुपारी फिरवली. नेहमीपेक्षा काही कमी नाही. ओवाळून झाल्यावर विचारलं, "अर्जाचं काय झालं रे?"

"नामंजूर केला," मी म्हणालो. "लई प्रयत्न केला."

"जाऊ दे. आपल्यासाठी नसतंच ते." आणि मला करंजी वाढली.

खिडकीबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही. पुढं वर्गणी भरली गेली नाही आणि ते सभासदत्व बंद पडलं. दोन-तीन वर्षांनी टँकरवाल्याची विहीरही आटली म्हणे. मी नोकरी सोडली, ती काही पश्चात्तापानं नाही. बिल्डरकडं चांगला पगार मिळाला. पार्क बंद झाला, घसरगुंड्या भंगारात गेल्या, आता तिथं रो-हाऊसचा बोर्ड आहे. शहर दौलताबादच्या दिशेनं सरकत चाललंय. त्या बोर्डावरची घरं विकायला मीच जातो. गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, पाण्याचं काय? मी म्हणतो, लाइन येणार आहे, प्रोसेसमध्ये आहे.

मुली मोठ्या झाल्या. थोरली पुण्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात ताईचं घर आवरायला आली होती, तेव्हा तिचा फोन आला. "मामा, पप्पांचं ते पार्कचं कार्ड सापडलं. शहराचं जुनं नाव आहे त्याच्यावर. ह्याच्यावर आता काही मिळतं का?"

"नाही गं. केव्हाच बंद झालं ते."

"मम्मी सांगत होती, तुम्ही लई खटपट केली होती म्हणून." मग म्हणाली, "मला तो टँकर आठवतो, मामा. तुम्ही पण होता ना तिथं?"

मी म्हणालो, "होतो." ती म्हणाली, "असू दे, ठेवते." कार्ड ठेवते म्हणाली की फोन, ते कळलं नाही.

पंधरा-सोळा वर्षांत घर दोनदा बदललं, तरी ताईचा अर्ज मी फेकलेला नाही. फ्लॅटच्या कागदांच्या फाइलमध्ये तो आहे, पिवळा पडलेला. तळाची ओळ अजून स्पष्ट वाचता येते. खरं तर हे लिहायच्या आधी तिच्याकडं जायला हवं होतं. उलटं झालं. कागदावर लिहिणं मला नेहमीच सोपं गेलंय.

तो अर्ज मला ताईच्या हातात द्यायचा आहे. तो मी दिलाच नव्हता, आणि त्या रविवारी साहेबांनी ओळखीच्या आहेत का म्हणून विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, हे तिला तिच्या दोन्ही मुलींसमोर सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून तिचं येणं आहे. अजून मी ते दिलेलं नाही.